वेगाची उतरंड

यंत्रयुग म्हणजे वेगाचे युग, असा समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. आगगाडी, मोटार आणि विमान या तिघांनी मिळून तो पक्का केला असून तो सर्वस्वी खोटाही नाही. तथापि एखाद्या मोठ्या कारखान्याच्या दारातून आत पाऊल टाकावे, तो देखावा उलटा दिसू लागतो. विजेची मोटार मिनिटाला सुमारे दीड हजार फेरे घेत असते. पण तिच्या जिवावर चालणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळांना एवढा वेग मुळीच नको असतो. सिमेंट भाजणारी लांबलचक भट्टी मिनिटाला दोन ते पाच वेळा आपल्याभोवती फिरते. साखर कारखान्यातील ऊस पिळणारे रोलर पाच-सहा फेऱ्यांच्या फारसे पलीकडे जात नाहीत. अशा ठिकाणी वेग आणावा कोठून हा प्रश्न नसतो; आलेला वेग उतरवावा कसा, हा प्रश्न असतो. तो सोडविणारे साधन मोटार आणि यंत्र यांच्यामध्ये एका जाड लोखंडी पेटीत बसलेले असते. कारखान्यातील माणसे तिला गिअरबॉक्स म्हणतात. पेटी बंद असल्यामुळे पाहुण्याचे लक्ष तिच्याकडे जात नाही. परंतु ती थांबली की सारा कारखाना थांबतो.

या पेटीत असतात ती दातेरी चाके. लहान चाकाचे दाते मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकलेले असतात. लहान चाकाला वीस दाते व मोठ्याला ऐंशी असतील, तर लहान चाकाचे चार फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक होतो. म्हणजे वेग चौथ्या हिश्शावर येतो. एवढे गणित शाळेतील मुलालाही सुटते. पण वेग उतरला म्हणजे तो गेला कोठे, हा प्रश्न त्या मुलाने विचारला तर त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे, कारण सर्व आराखड्याचे मर्म त्यातच आहे.

घाटातील रस्त्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. डोंगर सरळ चढून जावयाचा तर वाट थोडी, पण दम फार लागतो. वळणावळणाने जाणारा रस्ता धरला तर चालणे पुष्कळ वाढते, पण प्रत्येक पावलाला लागणारा जोर कमी होतो. गाठावयाची उंची दोन्ही वाटांनी तीच असते. दातेरी चाकांचा व्यवहारही याच जातीचा आहे. वेग चौथाई झाला की फिरविण्याचा जोर चौपट होतो. दोहोंचा गुणाकार, म्हणजेच शक्ती, घर्षणात जाईल तेवढी वजा करता तीच राहते. वेग देऊन जोर विकत घ्यावयाचा, असा हा सौदा आहे आणि त्यात फुकट काहीच मिळत नाही.

हा सौदा हिंदुस्थानाला नवा नाही. विहिरीवरील राहाटाला बैल जुंपले म्हणजे लाकडी दात्यांचे आडवे चाक उभ्या चाकाला फिरवीत असे. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या जुन्या हातचरकीत दोन लाटांच्या टोकांशी मळसूत्री आटे कोरलेले असत आणि ते एकमेकांत गुंतून दोन्ही लाटांना उलट दिशांनी फिरवीत. ज्या सुताराने ते आटे कोरले, त्याने समीकरणे मांडली नव्हती. परंतु दाता कोठे झिजतो आणि कोठे मोडतो, हे त्याला हाताने ठाऊक होते. आजच्या इंजिनियरला तेच ज्ञान आकड्यांनी मिळवावे लागते, कारण त्याच्या दात्यांवर बैलाचा जोर नसून शेकडो किलोवॅटांचा जोर येतो.

हा जोर किती असतो याची कल्पना येण्यासाठी साखर कारखान्यातील एकाच घाण्याचा हिशेब मांडून पाहावा. मोटार ३०० किलोवॅटची आहे, मिनिटाला १५०० फेरे घेते, आणि रोलर फिरावयाचा तो ५ फेऱ्यांनी, असे धरू. वेग तीनशेपट उतरवावयाचा आहे. मोटारीच्या दांड्याला एक मीटर लांबीचा आडवा हात जोडला, तर पूर्ण शक्तीने चालणारी मोटार त्या हाताच्या टोकाशी सुमारे १९५ किलो वजन तोलून धरील. रोलरच्या बाजूस तोच हात जोडला तर तीनशेपट, म्हणजे सुमारे ५८ टन वजन तोलले जाईल. एवढा जोर असल्यावाचून उसाच्या कांड्यांतून रस निघून कोरडे चिपाड मागे राहत नाही. मोटारीकडून आलेले १९५ किलो पेटीच्या एका तोंडातून आत जातात आणि दुसऱ्या तोंडातून ५८ टन होऊन बाहेर पडतात. मधल्या प्रत्येक दात्याला या वाढत्या ओझ्यातला आपला वाटा सोसावा लागतो.

आता पहिला विचार असा येईल की, एकच लहान चाक व एकच मोठे चाक घेऊन काम उरकावे. पण लहान चाकाला निदान सतरा दाते तरी असावेत असा साधारण संकेत आहे. आज बहुधा वापरल्या जाणाऱ्या २० अंश दाबकोनाच्या सरळ दात्यांत संख्या याहून कमी झाली, की दाता कापताना त्याचे मूळच पोखरले जाते. तीनशेपटीसाठी मोठ्या चाकाला ५१०० दाते लागतील. लहान चाकाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर मोठ्याचा व्यास ६० मीटर होईल. विजापूरच्या गोल घुमटाहूनही ते चाक रुंद भरेल! अर्थात हा मार्ग खुंटला.

म्हणून वेग एकदम न उतरविता पायरीपायरीने उतरवितात. स्वयंपाकघरातील उतरंडीत लहान मडक्याखाली मोठे, त्याखाली त्याहून मोठे मडके असते. तशीच येथे चाकांच्या जोड्यांची मांडणी असते. पहिली जोडी साडेचारपट, दुसरी ४.३ पट, तिसरी चौपट आणि शेवटची ३.९ पट, अशा चार पायऱ्या केल्या तर गुणाकार तीनशेच्या जवळ जातो. वेग १५०० वरून ३३३ वर येतो, तेथून साडेसत्त्याहत्तरवर, मग साडेएकोणिसाच्या आत, आणि अखेरीस पाचवर. प्रत्येक पायरीला वेग घटतो तसा जोर वाढतो. म्हणून पहिल्या जोडीचे दाते बारीक आणि शेवटच्या जोडीचे मुठीएवढे असतात. पायऱ्या अधिक केल्या तर चाके, दांडे व बेअरिंगे वाढतात आणि खर्च वाढतो. कमी केल्या तर चाके अवजड होतात. यांतील मध्य शोधणे हे आराखड्यातील पहिले काम होय.

दुसरे काम दात्याच्या आकाराचे. दाते म्हणजे खुंट्यांची रांग नव्हे. खुंटी खुंटीला ढकलते तेव्हा फिरणे धक्क्याधक्क्याने होते. एका क्षणी वेग अधिक, दुसऱ्या क्षणी उणा. मंद राहाटाला ते चालून जाते, पण दीड हजार फेऱ्यांच्या यंत्राचा त्याने चुराडा होईल. पुढच्या चाकाचा वेग क्षणभरही कमीजास्त होऊ नये असा वक्र दात्याच्या बाजूला हवा. अठराव्या शतकात ऑयलर या थोर गणितज्ञाने यासाठी जो वक्र सुचविला तो आज जगभर चालतो. तो कसा असतो हे पाहावयाचे असल्यास दोऱ्याचे रीळ कागदावर उभे धरावे, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल बांधावी आणि दोरा ताठ ठेवून उलगडीत जावे. पेन्सिलीने जी रेघ उमटेल तोच तो वक्र. त्याचा मोठा गुण असा की, दोन चाकांमधील अंतर किंचित चुकले तरी वेगाचे प्रमाण बिघडत नाही. माणसाच्या हातची जोडणी तंतोतंत कधीच नसते, ही गोष्ट जणू या वक्राने आधीच गृहीत धरली आहे.

तिसरे काम बळाचे, आणि खरी परीक्षा येथे होते. वरील घाण्याच्या शेवटच्या जोडीतील लहान चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर त्याच्या दात्यावर सुमारे ५० टनांचा रेटा येतो. तीन भरलेल्या मालमोटारींचे हे ओझे एका वेळी एक किंवा दोनच दात्यांना झेलावे लागते. असा दाता दोन प्रकारांनी मरतो. पहिला प्रकार म्हणजे तो मुळापासून मोडणे. भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर फार वजन टांगले तर ती भिंतीलगतच तुटते, तसाच हा प्रकार आहे. फिलाडेल्फिया येथील विल्फ्रेड लुइस या इंजिनियराने १८९२ साली दात्याला असेच एका टोकाने धरलेले दांडके मानून त्याच्या बळाचे सूत्र मांडले. पुष्कळ सुधारणा होऊनही ते आजच्या गणितांच्या पायाशी आहे. दुसरा प्रकार अधिक गुप्त आहे. दोन दाते एका अरुंद रेघेवर एकमेकांना टेकतात आणि त्या रेघेवर सारा दाब एकवटतो. दोन वक्र वस्तू एकमेकींवर दाबल्या असता स्पर्शाच्या जागी काय घडते, याचे गणित हाइन्रिख हर्ट्झ याने १८८१ मध्ये सोडविले. त्याच्यापुढे तेव्हा काचेची भिंगे होती. पण ते गणित आज दातेरी चाकांच्या उपयोगी पडते. हा दाब वारंवार पडत गेला म्हणजे दात्याच्या पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खळगे पडू लागतात. दाता मोडत नाही, पण हळूहळू निकामी होतो.

‘वारंवार’ या शब्दाचे वजनही येथे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात गाळपाचा हंगाम चार महिने धरला आणि घाणा रात्रंदिवस चालला, तर मोटारीच्या दांड्यावरील लहान चाकाचा प्रत्येक दाता एका हंगामात सुमारे २६ कोटी वेळा दाबला जातो. उलट शेवटच्या मोठ्या चाकाचा दाता साडेआठ लाखांच्या थोडा पुढे जातो. एकाला ओझे थोडे पण घाई फार. दुसऱ्याला घाई थोडी पण ओझे प्रचंड. एकाच वेळी सहज सोसला जाणारा ताण कोट्यवधी वेळा आला तर पोलादही थकते, हे जर्मनीत आउगुस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखविले. म्हणून दोन्ही चाकांना एकच मापदंड लावून चालत नाही. दात्याचे पोलादही दुहेरी गुणाचे लागते. वरचा थर कठीण हवा, म्हणजे खळगे पडत नाहीत. आतला गाभा चिवट हवा, म्हणजे धक्क्याने तडा जात नाही. यासाठी मऊ पोलादाच्या पृष्ठभागात तप्त स्थितीत कार्बन मुरवितात, नंतर त्याला पाणी देऊन वरचा थर कठीण करतात आणि शेवटी दाते घासून नेमक्या मापावर आणतात.

येथवरच्या हिशेबात ओझे सरासरीचे धरले होते. परंतु ऊस काही सरासरीने येत नाही. गव्हाणीतून कधी मोळ्यांचा ढीग एकदम पुढे सरकतो, कधी त्यात दगड किंवा लोखंडाचा तुकडा लपलेला असतो. अशा क्षणी दात्यावरील जोर नेहमीच्या मर्यादा ओलांडतो. लोखंड वेचून काढण्यासाठी उसाच्या वाटेवर चुंबक बसवितात. तरी धक्के उरतातच. म्हणून हिशेबातील जोराला दीडने, पावणेदोनाने, प्रसंगी दोनाने गुणून मग चाकांची मापे ठरवितात. काटकसरीच्या नादात हा गुणक खाली आणण्याचा मोह पडतो. कागदावर त्याने पेटी स्वस्त होते. पण तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. उशीर झाला तर त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरही नासू लागते. ऐन हंगामात एक दाता मोडला, तर फडात तुटून पडलेला आणि गाड्यांवर लादलेला ऊस उन्हात वाळत राहतो. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप केले. त्यानंतर महाराष्ट्रात अनेक कारखाने शेतकऱ्यांच्याच मालकीचे झाले. तेव्हा त्या मोडलेल्या दात्याचे बिल ज्यांच्या माथी बसते, त्यांतील बहुतेकांनी ती पेटी डोळ्यांनी पाहिलेलीही नसते.

मग इंजिनियराने करावे काय? चाके नुसती जाड करीत जाणे हा उपाय नव्हे. जाड चाक महाग असते, अवजड असते आणि त्याच्या वजनाने दुसरे प्रश्न उत्पन्न होतात. या विद्येतील उत्तम युक्त्या बारकाईने पाहिल्या तर त्यांच्यामागे एकच सूत्र दिसते. ओझे एका जागी साचू द्यावयाचे नाही. ते वाटून द्यावयाचे. तीनशेपटीचे काम चार जोड्यांत वाटून दिले, हे त्याचे पहिले उदाहरण झाले.

दुसरे उदाहरण तिरप्या दात्यांचे. सरळ दाता आपल्या सगळ्या रुंदीवर एकाच वेळी टेकतो आणि एकाच वेळी सुटतो. त्यामुळे धक्का बसतो व आवाज होतो. दाते चाकावर तिरपे कापले तर एक दाता एका कडेपासून हळूहळू टेकत जातो आणि तो सुटण्यापूर्वी पुढचे दाते कामाला लागलेले असतात. ओझे वाटले जाते, आवाज मंदावतो. मात्र तिरपेपणामुळे चाक बाजूला सरकू पाहते आणि तो रेटा बेअरिंगांना सोसावा लागतो. दोन उलट तिरपे भाग शेजारी ठेवून दात्यांना बाणाच्या टोकाचा आकार दिला तर हे दोन रेटे एकमेकांना पुरे पडतात.

तिसरे उदाहरण फार जुने असून पवनचक्क्या व पाणचक्क्या बांधणाऱ्या युरोपातील सुतारांनाही ते ठाऊक होते. वरील घाण्याच्या तिसऱ्या जोडीत बरोबर चौपट वेग उतरावयाचा आहे. लहान चाकाला १९ दाते दिले तर मोठ्याला ७६ द्यावेत, हे सरळ दिसते. पण तसे केल्यास लहान चाकाच्या एका दात्याची गाठ जन्मभर मोठ्या चाकाच्या त्याच चार दात्यांशी पडते. त्याच्यात एखादी बारीक खोट असेल तर त्या चौघांनाच तिचा मार बसत राहतो. म्हणून अनुभवी माणूस मोठ्या चाकाला ७७ दाते देतो. १९ आणि ७७ यांना एकाहून मोठा सामाईक भाजक नाही. त्यामुळे प्रत्येक दाता समोरच्या सत्त्याहत्तरांना पाळीपाळीने भेटतो, आणि तीच जोडी पुन्हा जुळण्यास लहान चाकाचे ७७ फेरे व्हावे लागतात. एकाची खोट सर्वांत थोडीथोडी वाटली जाते आणि घासून घासून सगळे दाते सारखे होत जातात. रोलरच्या वेगात पडणारा फरक शंभरात एकाहून किंचित अधिक असतो. घाण्याला तो जाणवतही नाही. म. सा. वि. काढण्याचा शाळेतील कंटाळवाणा धडा एवढ्या कामास येतो.

चौथे उदाहरण समुद्रावरचे आहे. वाफेच्या टर्बाइनचा जनक चार्ल्स पार्सन्स याची ‘टर्बिनिया’ ही छोटी नौका १८९७ साली स्पिटहेड येथे आरमाराच्या संचलनात सर्वांच्या पुढे पळाली आणि टर्बाइनचे नाव जगभर झाले. पण टर्बाइनला वेग मानवतो आणि जहाजाचा पंखा मंद फिरला तरच पाणी नीट लोटतो. दोघांना एकाच दांड्यावर बसविले तर दोघांचाही कोंडमारा होतो. संथ चालणाऱ्या मालवाहू जहाजाला तर टर्बाइन परवडतच नव्हते. पार्सन्सने १९०९ मध्ये ‘व्हेस्पेशियन’ नावाचे एक जुने मालवाहू जहाज विकत घेतले. प्रथम त्याच्या मूळ वाफेच्या इंजिनाची कसून परीक्षा केली. मग ते इंजिन काढून टर्बाइन बसविले आणि सुमारे वीसपट वेग उतरविणारी दातेरी चाके मध्ये घातली. १९१० मधील चाचण्यांत इंधनाची बचत शंभरात पंधराच्या आसपास भरली. या एका प्रयोगानंतर मोठमोठ्या जहाजांवर दातेरी चाकांचा प्रवेश झाला.

परंतु पार्सन्सचे खरे कौशल्य त्याच्या पुढच्या पायरीत दिसते. जहाजावरील ती मोठी चाके कर्कश आवाज करीत. त्याचे मूळ चाके कापणाऱ्या यंत्रात होते. त्या यंत्राच्या स्वतःच्या मुख्य चाकात ज्या सूक्ष्म चुका होत्या, त्या कापल्या जाणाऱ्या प्रत्येक चाकावर ठराविक जागी उतरत आणि रांगेने उभ्या राहत. चुका नसलेले यंत्र बनविणे तर कोणालाच साध्य नव्हते. पार्सन्सने यंत्राच्या मेजाला मुख्य चाकाच्या मानाने किंचित अधिक गती दिली. त्यामुळे चुका एका रांगेत न साचता तिरप्या रेषेने साऱ्या चाकभर पांगल्या, आणि आवाज पुष्कळ उतरला. चूक नाहीशी करता येत नसेल तर तिला एका जागी ठाण मांडू देऊ नये, हा त्या युक्तीचा अर्थ. एकोणीस-सत्त्याहत्तरचे गणित आणि पार्सन्सचे मेज ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत.

पाचवे वाटप उष्णतेचे. दातेरी चाकांची जोडी मोठी इमानी असते. चांगल्या जोडीत शक्तीचा शेकडा एक-दीड भागच वाया जातो. पण चार पायऱ्या मिळून तो सहाच्या घरात जातो. ३०० किलोवॅटांतून सुमारे १८ किलोवॅट पेटीच्या आतच उष्णता होऊन राहतात. घरातील स्नानगृहात पाणी तापविणारे दोन किलोवॅटचे नऊ गीझर एका बंद पेटीत रात्रंदिवस चालू ठेवावेत, असे ते दृश्य आहे. ही उष्णता बाहेर नेण्याचे काम वंगणाचे तेल करते. दात्यांच्या मधोमध तेलाचा जो पापुद्रा उरतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. पण दोन दात्यांच्या चिमटीत सापडताच प्रचंड दाबामुळे ते तेल क्षणभर घट्ट, जवळजवळ घनरूप होते आणि पोलादाला पोलाद लागू देत नाही. तेलात पाणी, धूळ किंवा चिपाडाचा कण गेला तर हा पापुद्रा तुटतो. उत्तम आराखड्याची पेटी अस्वच्छ तेलाने थोड्या दिवसांत निकामी झाल्याचे प्रकार म्हणूनच घडतात.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील की, एवढा खटाटोप कशासाठी? एकाच मळसूत्री जोडीने वेग वीसपट, चाळीसपट उतरतो, मग तीच का वापरू नये? लहान कामांना ती वापरतातच. पुष्कळ ठिकाणच्या लिफ्टांतही ती असे. तिच्यात एका जोडीत पुष्कळ वेग उतरतो, शिवाय आवाज कमी. पण मळसूत्र चाकावर सतत घासत जाते. शेकडा दहापासून चाळीसपर्यंत शक्ती त्या घासण्यात जाऊ शकते. ३०० किलोवॅटच्या घाण्यात ही उधळपट्टी परवडणार नाही.

दुसरा प्रश्न आजच्या काळाला अधिक साजेसा आहे. विजेची वारंवारता बदलून मोटारीचाच वेग हवा तसा कमी करणारी उपकरणे आता सर्वत्र मिळतात. मग दातेरी चाके हवीत कशाला? याचे उत्तर घाटाच्या दृष्टांतातच आहे. मोटार विजेने मंद केली तर तिचा वेग घटतो, पण जोर वाढत नाही. १९५ किलो तोलणारी मोटार पाच फेऱ्यांवर आणली तरी १९५ किलोच तोलते. म्हणजे ३०० किलोवॅटची मोटार एका किलोवॅटची होऊन बसते. वेग सोडून दिला खरा, पण त्याच्या बदल्यात हाती काही पडले नाही. सौदा पुरा करण्यास दाते लागतातच. म्हणून आजच्या घाण्यांत दोन्ही साधने एकत्र नांदतात. वेगातील बारीक चढउतार विजेने होतो, आणि वेगाचे जोरात रूपांतर चाके करतात.

अलीकडे ग्रहमालेच्या धर्तीची पेटीही पुष्कळ ठिकाणी दिसते. तिच्यात मध्यभागी एक चाक सूर्यासारखे असते, त्याच्याभोवती तीन किंवा अधिक चाके ग्रहांसारखी फिरतात आणि त्या सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूस दाते असलेले मोठे कडे असते. मधल्या चाकाचे ओझे एकाच वेळी सर्व ग्रहांत वाटले जाते. त्यामुळे तोच जोर पुष्कळ लहान पेटीत मावतो. मात्र ग्रहांपैकी एकाचे माप चुकले तर त्याच्यावर अधिक ओझे पडते. वाटप समान होण्यासाठी येथे कारागिरी अधिक चोख लागते.

आता शेवटची गोष्ट. ओझे कितीही वाटले तरी केव्हा ना केव्हा असा प्रसंग येतो की, काहीतरी मोडणारच. तेव्हा काय मोडावे, हे दैवावर सोडावयाचे की आधीच ठरवावयाचे? पुष्कळ यंत्रांत मोटार आणि पेटी यांच्या जोडावर बोटाएवढी एक खीळ मुद्दाम कच्च्या बळाची घालतात. मर्यादेबाहेर धक्का आला की ती तुटते, मोटार मोकळी फिरू लागते आणि आतील चाकांना इजा होत नाही. कामगार दुसरी खीळ ठोकतो आणि यंत्र पुन्हा चालू होते. मोठ्या यंत्रांत हेच काम घसरणारा जोड किंवा विजेचा रक्षक करतो. ही खीळ तुटली की काही ठिकाणी उतावळे लोक तिच्या जागी पक्क्या पोलादाची खीळ घालतात, आणि पुढच्या वेळी खिळीऐवजी दाता मोडतो. असे चाक नव्याने बनवून घेण्यास महिनोन् महिने लागतात. खीळ बदलण्यास थोडाच वेळ पुरतो.

तेव्हा वेग उतरविणाऱ्या पेटीचा आराखडा म्हणजे सूत्रांच्या पुस्तकातून मापे उचलण्याचे काम नव्हे. कोणत्या दात्यावर किती ओझे, किती वेळा, कोणत्या वाईटात वाईट क्षणी येईल, याचा आगाऊ विचार करून ते ओझे सर्वांत वाटून देणे आणि जे वाटता येणार नाही त्यासाठी मोडण्याची स्वस्त जागा राखून ठेवणे, असे ते काम आहे. ते नीट झाले असेल तर पेटी वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. गाड्या येतात, मोळ्या गव्हाणीत पडतात, रस वाहतो. आणि आत, तेलात बुडालेले ते एकोणीस दाते समोरच्या सत्त्याहत्तरांना पाळीपाळीने भेटत राहतात.